झालं म्हणेपर्यंत

घड्याळसर या महिन्याअखेर निवृत्त होणार हे कळलं आणि त्या दिवशी मला डबा गेला नाही. माणूस साठीला आला की निवृत्त होतोच, त्यात जेवण न जाण्यासारखं काही नाही. पण ते सुखाने निवृत्त होणार होते. फुलं, भाषणं, कार्यालयाच्या भिंतीवर फोटो. पस्तीस वर्षं ज्याच्या नावाने मी दातओठ खात आले तो माणूस हसत हसत फाटकाबाहेर जाणार, आणि मी, या शाळेची मुख्याध्यापिका, त्याच्या हातात गुच्छ देणार.

वर आणखी एक. आमच्या संस्थेच्या सात शाळा आहेत. अध्यक्षबाईंनी ठरवलं होतं की निवृत्तीनंतर सरांना सातही शाळांचे प्रवेश सल्लागार नेमायचं. म्हणजे एका शाळेत चालणारी मिनिटाची परीक्षा आता सात शाळांत चालणार होती.

ही परीक्षा काय ते सांगते. पाचवीत येणाऱ्या मुलांना सभागृहात रांगेत उभं करून एकेकाला टेबलाशी बोलवायचं. टेबलामागे सर बसलेले, गळ्यात स्टॉपवॉच. समोर एक परिच्छेद. सरांनी बटण दाबलं की मुलाने वाचायला लागायचं, मिनिट झालं की थांबायचं. सर शब्द मोजणार आणि चिठ्ठी देणार. नव्वद शब्दांच्या वर पांढरी, खाली पिवळी. पांढरीवाले पुढच्या इमारतीत जाणार, तिथे प्रयोगशाळा, वाचनालय आणि कायमचे शिक्षक. पिवळीवाले मागच्या इमारतीत. ती पाण्याच्या टाकीपलीकडे, पत्र्याची. तिथे ज्या शिक्षकाला वेळ असेल तो जायचा आणि कुणालाच वेळ नसेल तर मुलांना खुर्च्या मांडायला नाहीतर बाक दुरुस्त करायला बोलवायचे. एकदा मिळालेली चिठ्ठी दहावीपर्यंत चालायची. रंग बदललेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही.

माझ्या दादाला पिवळी मिळाली होती.

दादा माझ्याहून सव्वा वर्षाने मोठा. टायफॉइडमुळे त्याचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही दोघं एकाच दिवशी या शाळेच्या सभागृहात पाचवीच्या रांगेत उभे होतो. माझा नंबर आधी लागला. एकशे बारा शब्द, पांढरी चिठ्ठी. मग दादा. दादा बोलताना अडखळतो. घरी नाही, परक्या माणसापुढे. पहिल्याच शब्दावर त्याची जीभ अडकली ती अडकलीच. ओठ हलत राहिले, मानेच्या शिरा ताणल्या, आवाज मात्र फुटेना. सर तेव्हा पंचविशीतले, नवे कोरे. त्यांनी पिवळी चिठ्ठी पुढे सरकवली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. बस्स, एवढंच. पुढची पाच वर्षं दादाने मागच्या इमारतीत बाकांना खिळे मारले. आज तो सुतार आहे, चांगला सुतार आहे, पण भूगोलाच्या तासाला त्याच्या हातात रंधा कुणी दिला हे मी विसरणाऱ्यातली नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा संस्थेने आम्हा सातही मुख्याध्यापकांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, शाळेत समानता कशी आणायची. प्रशिक्षक बाई हळू आवाजात बोलायच्या आणि सगळ्यांना गोल करून बसवायच्या. आधी ऐका, त्या म्हणायच्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं मधे न बोलता पूर्ण ऐकून घेतलं की जखम भरायला लागते. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि समासात लिहिलं, 'घड्याळसर'. जखम भरण्यात मला रस नव्हता. मला त्या माणसाला अशा खुर्चीत बसवायचं होतं जिथून त्याला उठता येणार नाही, आणि मग त्याच्या कानात दादाचा आवाज ओतायचा होता.

शाळेत परतल्यावर मी दर शनिवारी ऐकण्याचा तास सुरू केला. नियम सगळे माझे. वाचनालयात तीन खुर्च्या ऐकणाऱ्यांच्या आणि एक बोलणाऱ्याची. खोलीत घड्याळ नाही. भिंतीवर होतं ते मी काढून टाकलं, तिथे आता गोल पांढुरका डाग आहे. बोलणारा अडला तरी त्याला शब्द पुरवायचा नाही. त्याने 'झालं' म्हणेपर्यंत ऐकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. शेवटचा नियम मी कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला ते सांगायला नकोच. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने, बोलणाऱ्याने 'झालं' म्हटल्याशिवाय, त्या विषयावर त्याच्याशी एक अक्षरही बोलायचं नाही. खोलीत नाही, व्हरांड्यात नाही, घरी जाऊनही नाही. सारवासारव करायची वाटच मी बुजवून टाकली होती.

तास चांगला चालला, खोटं कशाला सांगू. एक आई आली आणि म्हणाली, माझी मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण मागच्या इमारतीतल्या मुलींच्या शौचालयाला कडी नाही. सांगताना तिला रडू आलं. आम्ही तिघी गप्प बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कडी लागली. एका ड्रायव्हर बापाने सांगितलं की त्याच्या मुलाला वाचनालयाचं कार्ड आहे, पण पिवळ्यांची वेळ शाळा सुटल्यावरची आणि तेव्हा वाचनालयाला कुलूप असतं. कुलूप निघालं. शिक्षकांनी आधी नाकं मुरडली, मग खुर्चीत बसून बसून जरा माणसात आले. मी मात्र दर शनिवारी दाराकडे बघत बसायचे. सर काही आले नाहीत. कधी त्यांची दाढ दुखायची, कधी पेपर तपासायचे राहिलेले असायचे.

सल्लागारपदाचं कळलं तशी मी अध्यक्षबाईंकडे गेले. बाई कामाच्या, फापटपसारा त्यांना खपत नाही. मी म्हटलं, नेमणुकीआधी सरांनी एक तास बसावं, त्यांच्या परीक्षेतून गेलेल्या एकाचं ऐकावं. त्या म्हणाल्या, "मीही बसते. बघू तरी तुमचं हे ऐकणं काय असतं. परीक्षा ठेवायची की नाही ते त्यानंतर ठरवू. चालेल?"

न चालायला काय झालं होतं? मी जिना उतरले ती दोन दोन पायऱ्या टाकत.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या खोलीत आले. केस पिकलेले, गळा रिकामा. घड्याळ आता ते खिशात ठेवतात.

"कोण बोलणार आहे?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ."

ते खाली बसले. चष्मा काढून पुसायला लागले. "पहिल्या शब्दावर अडकला होता," ते म्हणाले. "पृथ्वी."

त्यांना आठवत होतं. मला ते आवडलं नाही. ते विसरलेत, त्यांच्या दृष्टीने दादा म्हणजे हजारातला एक, हे मी पस्तीस वर्षं धरून चालले होते आणि त्यावर माझा राग छान पोसला गेला होता.

"इतक्या वर्षांत मिनिट संपायच्या आत घड्याळ मी दोनदाच थांबवलं, मॅडम," सर म्हणाले. "त्यात एकदा त्याच्यासाठी." त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला आठवत नाही का?"

"मला सगळं आठवतं," मी म्हटलं. "शनिवारी दहा वाजता, वाचनालयात."

"बरं," म्हणाले आणि उठून गेले. त्यांची पाचावर धारण बसली आहे असं मी ठरवून टाकलं आणि त्या दिवशी मात्र डबा चाटूनपुसून खाल्ला.

रविवारी दादाकडे गेले. त्याचं काम घरामागच्या शेडमध्ये चालतं. तो एका फळीवर रंधा मारत होता. वहिनी खिडकीच्या चौकटीला पॉलिश करत होती. माझी भाची, दहा वर्षांची, लाकडाच्या ओंडक्यावर बसून मोबाईलवर मिनिटाचा गजर लावून पुस्तक वाचत होती. मोबाईल वाजला तशी ती थांबली.

"एकाहत्तर," ती म्हणाली. चेहरा पडला होता.

"या महिन्यात परीक्षा आहे ना तिची," वहिनी म्हणाली. "रोज दहा वेळा वाचते. शब्द वाढलेत, पण काय वाचलंस विचारलं तर सांगता येत नाही. झोपेतसुद्धा पुटपुटते हो, ताई."

मी म्हटलं, "तिला परीक्षा द्यावीच लागणार नाही, असं करता येईल. दादा, त्यासाठीच आलेय."

दादाने मान हलवली. म्हणजे, बोल. आमच्यात बोलणं कमीच. ये, बस, चहा घे, तेवढंच तो माझ्याशी मोजून मापून बोलतो, आणि तेही अडखळत. बायकोशी आणि मुलीशी तो सरळ बोलतो. माझ्याशी अडखळतो ते मी मुख्याध्यापिका झाले म्हणून, असं मी मनाशी धरलं होतं, आणि त्याचं खापरही सरांच्याच डोक्यावर फोडत आले होते. शाळा म्हटलं की याची जीभ अडकते, बघा काय करून ठेवलंय.

मी त्याला सगळं सांगितलं. "सर समोर बसतील. अध्यक्षबाई असतील. तू बोल, तुला लागेल तेवढा वेळ. कुणी मधे बोलणार नाही. त्यांनी तुला एक मिनिट दिलं ना? तू त्यांचा तास घे, दोन तास घे. घामाघूम होऊ देत. पस्तीस वर्षांचा वचपा काढ, दादा."

त्याने रंधा बाजूला ठेवला. "नि... नियम दाखव."

मी पर्समधून कागद काढून दिला. तो उजेडाकडे तोंड करून वाचत राहिला. शेवटचा नियम त्याने दोनदा वाचला असावा, कारण बोट तिथेच थांबलं होतं.

"स... सगळ्यांना लागू?"

"सगळ्यांना. अध्यक्षबाईंनासुद्धा."

"तू ब... बसणार?"

"तिसरी खुर्ची माझीच."

त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात, पेन्सिलीमागे ठेवून दिली. "येतो," तो म्हणाला. या एका शब्दावर तो अजिबात अडखळला नाही.

वहिनीचा पॉलिशचा हात थांबला होता. ती मला सोडायला दारापर्यंत आली. "ताई, तुम्ही बसायलाच हवं का तिथे?"

"मी नसले तर त्याला धीर कोण देणार?" मी म्हटलं.

ती आत वळली.

शनिवारी मी नऊलाच वाचनालयात पोचले. खुर्च्या स्वतः मांडल्या. सरांसाठी मुद्दाम शिपायांच्या खोलीतली डुगडुगती खुर्ची आणून ठेवली, एक पाय आखूड असलेली. क्षुद्रपणा आहे, मान्य. पण राग मोठ्या गोष्टींवर कमी आणि अशा बारीकसारीक गोष्टींवरच जास्त पोसला जातो, आणि मला त्यातलं काही सोडायचं नव्हतं. दहाला सर आले, बसले आणि एका बाजूला कलले. सावरून बसले, पुन्हा कलले. अध्यक्षबाई मधल्या खुर्चीत. पलीकडे मी.

दादा आला. धुतलेला शर्ट, खिशात पेन्सिल. तो बोलणाऱ्याच्या खुर्चीकडे गेलाच नाही. सरळ सरांसमोर जाऊन उभा राहिला आणि हाताने खूण केली, उठा. सर उठले. दादाने खुर्ची उलटी केली, पायावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. सुतार तो. ती खुर्ची तिथे कशी आली हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मग त्याने मला उठवलं. माझी खुर्ची सरांना दिली आणि डुगडुगती माझ्यामागे आणून ठेवली. मला वाटलं, चांगुलपणा आहे त्याचा, आधीपासूनच असा आहे. मी बसले आणि एका बाजूला कलले.

मग तो आपल्या खुर्चीत बसला. हात मांडीवर. त्याने तोंड उघडलं आणि अडकला.

"पृ..."

आम्ही थांबलो. बाहेर मैदानावर शिट्टी वाजली. त्याच्या मानेच्या शिरा तशाच ताणल्या होत्या, पस्तीस वर्षांपूर्वीच्या. अध्यक्षबाईंनी शब्द पुरवायला तोंड उघडलं तसं मी बोट वर केलं आणि त्या गप्प बसल्या. सरांचा हात छातीशी गेला, जिथे पूर्वी घड्याळ लोंबायचं. बोटांनी तिथे काही शोधलं, सापडलं नाही, हात खाली आला. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. घ्या, मी मनात म्हणत होते. घ्या मोजायला.

"पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन आहे," दादा म्हणाला.

तो तोच परिच्छेद होता. पहिल्या वाक्यावर न थांबता त्याने तो पुढे म्हटला, शेवटपर्यंत, पाठ. किती वेळ लागला मला माहीत नाही, पण तेवढ्यात एक तास संपल्याची घंटा होऊन गेली. पुढचं त्याचं बोलणं मी इथे सरळ लिहिते. ते तसं आलं नाही. एकेका शब्दाला तो थांबला, मागे गेला, पुन्हा आला. पण त्याने एकही शब्द बदलून सोपा घेतला नाही आणि एकही सोडला नाही.

"मला हा पाठ होता," दादा म्हणाला. "परीक्षेच्या आधीपासून. शेजारची मुलगी आदल्या वर्षी परीक्षा देऊन आली होती, तिने लिहून आणला होता. दर वर्षी तोच असतो, म्हणाली."

सरांनी मान खाली घातली. मी ती मान डोळे भरून बघून घेतली.

"सर, तुमच्याबद्दल मला थोडंच बोलायचंय. तुम्ही मला एका मिनिटात ओळखायला निघालात. तसं कुणी कुणाला ओळखत नाही. लाकूडसुद्धा मी दोन दिवस बघतो, मग करवत लावतो. तुमच्यामुळे मी पाच वर्षं बाक ठोकले. माझ्या मुलीचा आता धडा वाचून होतो आणि तिला कळत काहीच नाही, तेही तुमच्यामुळे. हे तुम्ही थांबवा."

तो थांबला. मला वाटलं आता 'झालं' म्हणेल. थोडं लवकरच संपतंय, अजून लांबायला हवं होतं, असंही वाटलं.

दादा खुर्चीत वळला, माझ्याकडे.

"ज्याने मला ओळखलं नाही त्याच्यावर फार राग धरता येत नाही," तो म्हणाला. "टायफॉइडच्या वर्षी मी घरी होतो. दिवसभर काही काम नव्हतं. हिला वाचायला मी शिकवलं. डब्यांवरची नावं वाचून, वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर. तो परिच्छेद मी हिच्याकडून दहा दहा वेळा वाचून घेतला. दम कुठे घ्यायचा तेसुद्धा सांगितलं. एकशे बारा शब्द वाचले हिने."

खुर्ची डुगडुगली. मी पाय घट्ट रोवले.

"मी अडकलो तेव्हा सरांनी घड्याळ थांबवलं. हिला जवळ बोलावलं. विचारलं, तू याची बहीण ना? घरी तरी वाचतो का हा?"

मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते. भिंतीवरच्या डागाकडे बघत होते.

"ही म्हणाली, नाही. त्याला वाचताच येत नाही."

त्या वाक्यावर तो कुठेही अडखळला नाही. पस्तीस वर्षं तयार करून ठेवलेलं वाक्य असावं.

"आणि हसली," तो म्हणाला.

मला आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वर मी लिहिलं, 'बस्स, एवढंच.' एवढंच नव्हतं. रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती, तिच्या गणवेशाला इस्त्री होती. ती दादाकडे बघून तोंडावर हात धरून हसत होती, मग तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पांढरी चिठ्ठी होती. हा माझ्याबरोबर पुढच्या इमारतीत आला तर तिथे रोज त्याच्याबरोबर मलाही हसतील, हे माझ्या मनात आलं. सरांनी विचारलं. घड्याळ थांबलेलं होतं, घाई कुणालाच नव्हती. मी विचार करून उत्तर दिलं.

मग मी त्या आठवणीवर सरांना आणून बसवलं. रोज थोडा राग घातला, ते जड होत गेले, आणि त्यांच्याखाली काय आहे ते कुणाला, मलाही, दिसायचं बंद झालं.

"घरी आल्यावर हिने आईला सांगितलं, सर दुष्ट आहेत," दादा म्हणाला. "मी काही बोललो नाही. मला वाटलं, उद्या मला येऊन काहीतरी म्हणेल. मग वाटलं, मोठी झाल्यावर म्हणेल. परवा शेडमध्ये आली, म्हणाली वचपा काढ. ठीक आहे म्हटलं."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे. दादाने शर्टाच्या खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि माझ्यासमोर धरली. माझ्याच अक्षरातला शेवटचा नियम. मी तोंड मिटलं.

तो उठला. कागद पुन्हा खिशात गेला. सरांना नमस्कार केला, अध्यक्षबाईंना केला आणि निघून गेला. 'झालं' तो म्हणालाच नाही.

आम्ही तिघं बसून राहिलो. तास आटोपायचा तर ते माझं काम होतं, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. अध्यक्षबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, मग पर्स उचलून हळूच गेल्या. सरांना आता बोलता आलं असतं. मला हिणवायची एवढी चांगली संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी ती घेतली नाही, नियम पाळला, आणि तेच मला जास्त लागलं.

सोमवारी अध्यक्षबाईंचं पत्र आलं. मिनिटाची परीक्षा बंद. चिठ्ठ्या बंद. येत्या वर्षापासून दोन्ही इमारतींत सगळे वर्ग मिसळून बसतील आणि शिक्षकांच्या पाळ्या सारख्या राहतील. सल्लागारपद कुणालाच नाही. सरांनी ते आपणहून नाकारलं होतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं, अगदी वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. पत्र मी फायलीला लावलं आणि खिडकी उघडून बसले.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. मी सरांच्या हातात गुच्छ दिला. टाळ्या चालू असताना ते माझ्याकडे जरासे वाकले.

"मी त्यालाच विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "तुम्हाला विचारलं."

एवढं बोलून ते सरळ झाले आणि लोकांकडे बघून हसले. मीही हसले, फोटोत आहे ते.

त्यानंतरच्या रविवारी मी शेडमध्ये गेले. त्याच्या आधीच्या दोन रविवारी फाटकापर्यंत जाऊन परत आले होते. भाची ओंडक्यावर बसून वाचत होती, मोबाईल नव्हता. वाचता वाचता मधेच थांबून बापाला काहीतरी विचारत होती आणि तो रंधा मारता मारता तिला सांगत होता, भरभर, न अडखळता. मी दिसले तसा तो गप्प झाला. वहिनीने तिला हाताला धरून घरात नेलं.

कोपऱ्यात ती डुगडुगती खुर्ची होती. शाळेच्या दुरुस्तीच्या सामानातून त्याच्याकडे आली असणार. बाकीच्या खुर्च्यांना नवे पाय लागले होते, हिचा तसाच आखूड होता.

"दादा," मी म्हटलं, "मला त्या दिवसाबद्दल..."

त्याने हात वर केला. शर्टाच्या खिशात पेन्सिलीमागे कागदाची घडी दिसत होती.

"अजून झा... झालं नाही," तो म्हणाला.

त्याने पायाने ती खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग रंधा खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्यासमोर ओंडक्यावर येऊन बसला.

"सहावीत," तो म्हणाला, आणि पुढच्या शब्दावर अडकला.

मी खुर्चीत बसले, ती एका बाजूला कलली, आणि मी थांबून राहिले.